वाचक विचारतात : व्हिएतनाममध्ये खावे कसे, रांधावे कसे

व्हिएतनामला निघालेल्या आणि तिथून नुकत्याच परतलेल्या वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे जमली आहेत. व्हिसा, विमान आणि हॉटेल यांविषयीचे प्रश्न पुढच्या खेपेसाठी ठेवून या वेळी केवळ खाण्यापिण्याचे आणि रांधण्याचे प्रश्न निवडले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी शाकाहारी असून हनोई, ह्वे, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी असा बारा दिवसांचा प्रवास करणार आहोत. सासूबाई सोबत आहेत आणि त्या कांदा-लसूणही खात नाहीत. "तिथे हाल होतील, बारा दिवसांचे खाणे भरून न्या," असे सगळेच सांगतात. ते कितपत खरे मानावे?

थोडे खाणे सोबत न्यावे, कारण लांबच्या रेल्वेप्रवासात ते कामाला येते. परंतु त्यावर बारा दिवस काढण्याची पाळी तुमच्यावर येणार नाही. व्हिएतनामी भाषेतला एकच शब्द तुम्हाला पाठ हवा आणि तो म्हणजे 'चाय'. त्याचा चहाशी काहीही संबंध नाही. बौद्ध परंपरेतून आलेल्या शाकाहाराला 'चाय' म्हणतात. 'क्वान चाय' म्हणजे शाकाहारी खानावळ आणि 'कॉम चाय' म्हणजे शाकाहारी भाताचे जेवण. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथली अनेक कुटुंबे मांसाहार वर्ज्य करतात. त्या दिवशी एरवी मांसच विकणाऱ्या काही गाड्यांवरही चाय पदार्थ दिसू लागतात आणि चाय खानावळींत बसायला जागा मिळत नाही. शक्य असल्यास प्रवासाच्या तारखा ठरवताना पंचांग उघडून पाहावे, असा सल्ला मी एरवी कोणाला देणार नाही. तुम्हाला मात्र देतो.

ह्वे हे शहर १८०२ पासून १९४५ पर्यंत न्ग्वेन घराण्याची राजधानी होते आणि आजही ते पॅगोड्यांचे शहर आहे. राजवाड्यातल्या छोट्या छोट्या, निगुतीने मांडलेल्या पदार्थांची सवय आणि मठांतला शाकाहार या दोन्ही गोष्टी एकाच गावात नांदल्यामुळे तिथला चाय स्वयंपाक मला देशात सर्वांत नाजूक वाटतो. तुमच्या आखणीत ह्वेला एक रात्र असेल, तर ती दोन करावी.

आता अडचण सांगतो. ती चाय खानावळीत नसून साध्या खानावळीत आहे. नुओक माम, म्हणजे मासळी आणि मीठ मुरवून काढलेला रस, तिथल्या स्वयंपाकात मिठाच्या जागी वापरला जातो. म्हणून "मांस नको" असे सांगितल्यावर नाळीच्या भाजीची हिरवीगार बशी समोर येते, तिच्यात मांसाचा तुकडाही नसतो, आणि तरीही ती शाकाहारी नसते. वाढणाऱ्याने तुम्हाला फसवलेले नसते. तुम्ही जे मागितले तेच त्याने दिलेले असते. चव वाढवण्यासाठी घातले जाणारे दाणेदार चूर्ण बहुधा डुकराच्या हाडांच्या अर्काचे असते, आणि पदार्थावर शेवटी सोडलेल्या कांद्याच्या पातीच्या तेलात परंपरेने चरबी असते. यांतली एकेक गोष्ट नाकारत बसलात तर यादी संपत नाही. त्याऐवजी "तोय आन चाय", म्हणजे "मी चाय खातो", एवढेच सांगावे. पदार्थांच्या यादीपेक्षा व्रताचे नाव सांगितले की समोरच्या माणसाला नियम आपोआप कळतात, आणि नुओक माम त्या नियमात बसत नाही हेही त्याला ठाऊक असते.

उच्चाराची काळजी मात्र घ्यावी. उत्तरेकडच्या व्हिएतनामीत सहा सूर आहेत. 'चाय' सपाट सुरात म्हटले तर शाकाहार. तोच शब्द चढत्या सुरात म्हटला तर 'करपलेले' आणि खाली दाबून म्हटला तर 'पळणे'. एका गल्लीत मी मोठ्या आत्मविश्वासाने हे वाक्य उच्चारले आणि मालकीणबाई घाईघाईने शेगडीवरचे पातेले पाहायला धावल्या. तेव्हापासून मी हे वाक्य व्हिएतनामी लिपीत लिहिलेला कागद खिशात ठेवतो.

सासूबाईंसाठी बातमी चांगली आहे. मठांतल्या कडक चाय परंपरेत कांदा आणि लसूण यांसारख्या उग्र वासाच्या पाच वनस्पती वर्ज्य मानल्या जातात. सर्वच चाय खानावळी हा नियम पाळत नाहीत, त्यामुळे "खोंग हान्ह, खोंग तॉय" (कांदा नको, लसूण नको) असे सांगून खात्री करावी. पॅगोड्यालगतच्या खानावळींत ही मागणी कोणाला नवलाची वाटत नाही. कंदमुळे आणि अळंबी मात्र या जेवणात भरपूर असतात. अंड्याविषयी वेगळे विचारावे, कारण काही चाय खानावळींना ते चालते. आणि ताटात हुबेहूब कोळंबी किंवा कातडीसकट माशाचा तुकडा दिसला तर सासूबाईंना आधीच सांगून ठेवावे की तो सोयाबीनचा किंवा गव्हाच्या चिवट पिठाचा आहे. मांसाचे असे सोंग रचण्यात चाय आचाऱ्यांना फार रस असतो. मला त्यात कौशल्य दिसते, जेवणाची गोडी मात्र साध्या टोफूत आणि फणसाच्या कोशिंबिरीतच अधिक आहे.

प्रश्न : भाषा येत नसताना फुटपाथवरच्या दुकानात मागवायचे कसे? मेनूकार्ड नाही, किमती कळत नाहीत, आणि एकदा तर दुपारी दोन वाजता जाऊन आम्हाला बंद दार पाहावे लागले.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या बंद दारातच आहे. व्हिएतनाममधले चांगले दुकान बहुधा एकच पदार्थ करते, तो ठरलेल्या वेळी करते आणि संपला की आवरते. पाटीवर पदार्थाचे नाव असते, तोच मेनू. स्टुलावर बसून किती जण आहात ते बोटांनी दाखवले की मागणी नोंदवली गेली असे समजावे. त्यामुळे "चांगले हॉटेल कोणते?" हा प्रश्न तिथे फारसा उपयोगी पडत नाही, या गावात, या वेळी, कोणता पदार्थ खायचा, असे विचारावे लागते. हनोईत सकाळी फो, म्हणजे मांसाच्या सुगंधी पाण्यातल्या तांदळाच्या शेवया. दुपारी बुन चा, म्हणजे कोळशावर भाजलेले डुकराचे मांस, कोमट आंबटगोड पाणी, तांदळाच्या शेवया आणि पाल्याची टोपली. याची अनेक जुनी दुकाने जेवणाची वेळ टळली की आवरतात. हो ची मिन्ह सिटीत, ज्याला लोक अजूनही सायगॉनच म्हणतात, सकाळी कॉम ताम, म्हणजे तांदळाच्या कण्यांचा भात आणि त्यावर भाजलेले मांस. गिरणीत मोडलेली कणी ही पूर्वी गरिबाचे अन्न होती. आज ती त्या शहराची ओळख झाली आहे.

दुकान निवडताना गर्दीपेक्षा गर्दीची जात पाहावी. शाळेच्या गणवेशातली मुले, कचेरीतले लोक आणि आजीबाई एकाच दुकानात दिसल्या तर बिनदिक्कत बसावे. २०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा आणि खाद्यभ्रमंतीचे कार्यक्रम करणारे अमेरिकी आचारी अँथनी बोर्डेन यांनी हनोईतल्या ज्या दुकानात बुन चा खाल्ले, तिथे ते टेबल आता काचेच्या पेटीत जपून ठेवलेले आहे. दोघांचे जेवण सहा डॉलरमध्ये झाले, असे बोर्डेन यांनीच सांगितले होते. तिथे जाण्यास माझी हरकत नाही, परंतु काचेतले टेबल पाहण्यासाठी जावे. तितकेच चांगले बुन चा हनोईच्या दुसऱ्या कोणत्याही गल्लीत मिळते. खानावळींना दर्जा देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेच्या यादीत व्हिएतनाम २०२३ पासून आहे, आणि त्या यादीत फोची साधी दुकानेही आहेत. मात्र नाव आले की रांग लांबते, एवढे लक्षात घ्यावे.

वाढणाऱ्याला हाक कशी मारायची, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. आपण अनोळखी माणसालाही दादा, ताई, मावशी म्हणतो, तसेच तिथे चालते. आपल्याहून लहान असेल तर "एम ओय", थोरल्या भावासारख्या माणसाला "आन्ह ओय", ताईच्या वयाच्या बाईला "ची ओय" आणि मावशीच्या वयाच्या बाईला "को ओय". पैसे द्यायचे असले की "तिन्ह तिएन". हाक खणखणीत मारावी. लाजून पुटपुटल्यास कोणी वळून पाहत नाही.

पैशांविषयी दोन-तीन गोष्टी. पाटीवर केवळ ५० लिहिले असेल, तर ते ५०,००० डोंग असतात. तीन शून्ये गृहीत धरलेली असतात. फोच्या साध्या दुकानात वाडग्याला साधारण ४०,००० ते ८०,००० डोंग पडतात. २०,००० ची आणि ५,००,००० ची नोट दोन्ही निळ्या असून दोन्हींवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा आहे. उसाच्या रसाच्या गाडीवर मी एकदा मोठी नोट देऊन चालू लागलो आणि त्या बाई दोन चौक माझ्या मागे धावत आल्या. प्रत्येक वेळी असे भाग्य लाभेलच असे नाही, म्हणून मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. समुद्री अन्न वजनावर विकले जाते, तेव्हा भाव आणि वजन दोन्ही शिजवण्यापूर्वी लिहून घ्यावे. टेबलावरचा पाकीटबंद ओला रुमाल फोडला की त्याचे काही हजार डोंग बिलात येतात, आणि ती लबाडी नसून पद्धत आहे. बक्षिशीची चाल साध्या दुकानांत नाही.

तेत, म्हणजे चांद्र नववर्ष, या काळात मात्र जाणे टाळावे. जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येणाऱ्या या सणात घरोघरी सुग्रास स्वयंपाक असतो, पण खानावळींचे मालक आपापल्या गावी गेलेले असतात.

प्रश्न : सायगॉनमध्ये फोबरोबर पाल्याची मोठी परडी, मोड आलेले मूग आणि दोन तऱ्हेच्या चटण्या मिळाल्या. हनोईत मात्र नुसता वाडगा पुढे ठेवला. पर्यटक पाहून आम्हाला कमी वाढले काय?

नाही. हनोईच्या माणसाने सायगॉनची परडी पाहिली असती तर "या फोचे पाणी चांगले नसावे, म्हणून एवढा पाला लागतो," असे तो म्हणाला असता. आणि सायगॉनच्या माणसाला हनोईचा वाडगा कंजूष वाटला असता. हे भांडण जुने आहे आणि आपण त्यात पडू नये.

फो उत्तरेतला. हनोई आणि तिच्या आग्नेयेकडचा नाम दिन्ह हा भाग, यांच्या परिसरात विसाव्या शतकाच्या आरंभी तो रूपाला आला. १९५४ साली देशाची फाळणी झाल्यावर लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले आणि त्यांच्याबरोबर फोही गेला. दक्षिणेची जमीन सुपीक, पाला मुबलक, जिभेला गोड आवडते; तिथे त्याला तुळशीच्या जातीचा पाला, करवती कडांची लांब कोथिंबीर, मोड आलेले मूग आणि गोडसर काळी चटणी येऊन मिळाली. उत्तरेत मात्र कांद्याची पात, लसणाचा शिरका आणि मिरची एवढ्यावर काम भागते. चक्रीफूल, दालचिनी, मसाल्याची मोठी वेलची आणि विस्तवावर भाजलेले आले-कांदा यांचा अर्क तासन्‌तास उतरलेला असतो. तो आधी नुसता चाखावा, मग काय पिळायचे ते पिळावे. पहिल्याच क्षणी चटणी ओतणाऱ्याकडे हनोईतला दुकानदार काही बोलत नाही, पण पाहतो.

तुमच्या पत्रातला खरा मुद्दा मला परडीत दिसतो. व्हिएतनामी पदार्थ शेगडीवर पुरा होत नाही, तो खाणाऱ्याच्या हातात पुरा होतो. लिंबू किती, मिरची किती, कोणता पाला चुरडायचा आणि कोणता अख्खा ठेवायचा, हे आचारी तुमच्यावर सोपवतो. बान्ह सेओ, म्हणजे हळद घातलेले तांदळाच्या पिठाचे मोठे धिरडे, याचे उदाहरण घ्या. ओतताना तव्यावर जो 'सेओ' असा आवाज होतो तेच त्याचे नाव. ते काट्याने तोडून खाणारे पाहुणे दिसतात आणि मग "तेलकट आहे" अशी तक्रार करतात. ते मोहरीच्या किंवा लेट्यूसच्या पानात, सुगंधी पाल्यासकट गुंडाळून आंबटगोड रसात बुडवायचे असते. कच्चा पाला आणि आंबट रस तेल कापून काढतात. ते वगळले की पदार्थ अर्धाच उरतो.

पाल्यातली काही पाने ओळखीची वाटतील. हनोईच्या चा का या हळद लावलेल्या माशाच्या पदार्थात शेपू जुडीच्या जुडीने पडतो. दक्षिणेतल्या चिंचेच्या आंबट कालवणात अळूच्या जातीचे जाळीदार देठ असतात. ते रस पिऊन फुगतात आणि चावल्यावर तो तोंडात सोडतात. एक पान मात्र शाकाहाऱ्यांना दचकवते. 'दिएप का' या हृदयाच्या आकाराच्या पानाला कच्च्या मासळीचा वास येतो. ते निखळ वनस्पती आहे. आवडले नाही तर बाजूला काढावे, कोणाला राग येत नाही.

प्रश्न : मग हा कच्चा पाला आणि बर्फ खाल्ल्याने पोट बिघडत नाही काय?

बिघडू शकते. नळाचे पाणी तिथे कोणी न उकळता पीत नाही, आपणही पिऊ नये. मधोमध भोक असलेल्या नळीसारखा बर्फ कारखान्यात तयार होतो आणि तो सहसा निर्धोक असतो. लादी फोडून केलेला चुरा टाळावा. पहिले दोन दिवस पाला उकळत्या फोमध्ये दाबून खावा आणि पोट स्थिरावले की परडीकडे वळावे. वाहत्या गिऱ्हाइकाच्या दुकानात अन्न पडून राहत नाही, हे सर्वांत मोठे संरक्षण. टेबलावरच्या कागदाने जेवायच्या काड्या आणि चमचा पुसून घेणे असभ्य नाही, स्थानिक लोकही तेच करतात. काड्या भातात उभ्या रोवणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. काय काळजी घ्यावी?

येथे मी धीर देणारे उत्तर देणार नाही. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट कोशिंबिरींवर, शेवयांच्या कोरड्या पदार्थांवर, मध्य व्हिएतनाममधल्या 'मी क्वांग' या शेवयांच्या पदार्थावर आणि कित्येक चटण्यांत असतो, आणि तो शेवटी हाताने भुरभुरला जातो. म्हणजे एकाच हाताने, एकाच चमच्याने सगळीकडे पसरतो. शेंगदाण्याला उत्तरेत 'लाक' आणि दक्षिणेत 'दाउ फोंग' म्हणतात, त्यामुळे दोन्ही शब्द असलेली, "खाल्ल्यास जिवाला धोका आहे" असे स्पष्ट सांगणारी चिठ्ठी व्हिएतनामी लिपीत करून घ्यावी. डॉक्टरांनी दिलेले तातडीचे औषध हॉटेलच्या खोलीत नव्हे, अंगावर असावे. फुटपाथवरच्या दुकानांऐवजी ज्या स्वयंपाकघराशी आधी बोलता येते तिथेच मुलाला जेवू घालावे, आणि जमेल तितके स्वतः रांधावे. शाकाहारी खानावळ सुरक्षित असेल असे मानू नये. शेंगदाणा तिथे अधिकच असतो.

प्रश्न : आम्ही दा नांगला महिनाभर घर घेऊन राहणार आहोत. एक शेगडी, एक भाताचा कुकर आणि दोन पातेली एवढेच सामान आहे. व्हिएतनामी पद्धतीचे रोजचे जेवण एवढ्यावर करता येईल काय?

येईल, आणि सहलीतला सर्वांत सुखाचा भाग कदाचित तोच ठरेल. फो आणि बुन बो ह्वे (ह्वेचा गोमांसाचा तिखट शेवयांचा वाडगा) यांच्या मागे मात्र लागू नये. ज्याला कित्येक तास आच द्यावी लागते ते विकतच खावे, तिथले लोकही बहुतेक वेळा तेच करतात. घरचे जेवण वेगळे असते : भात, एक कोरडा खारट पदार्थ, एक भाजी आणि एक पातळ सार.

नाळीच्या भाजीपासून सुरुवात करावी. जुडी निवडून, खारट उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून हिरवी असतानाच काढावी. उरलेले पाणी फेकू नये. त्यात लिंबू पिळले की तेच सार. एका पातेल्यात भाजी आणि सार दोन्ही झाले. उत्तरेत लिंबाऐवजी 'साउ' नावाचे आंबट फळ त्या पाण्यात ठेचतात.

दुसरा पदार्थ टोमॅटोतला टोफू. बाजारात सकाळी टोफू कोमट मिळतो. तो उत्तरेत 'दाउ फू' आणि दक्षिणेत 'दाउ हू' या नावाने मागावा. तुकडे पुसून कोरडे करून सोनेरी तळावेत, त्याच तेलात पिकलेले टोमॅटो गळेपर्यंत परतावेत, नुओक माम किंवा शाकाहाऱ्यांनी सोया सॉस आणि चिमूटभर साखर घालावी, टोफू परत सोडून पाच मिनिटे झाकावे. वरून पात. भाताबरोबर याहून चांगले काही मला सुचत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नुओक चाम, हा बुडवण्याचा रस. यात बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी एक चमचा साखर चार चमचे गरम पाण्यात पूर्ण विरघळवावी, निवू द्यावे, मग एक चमचा लिंबाचा रस आणि एक चमचा नुओक माम घालून चाखावे. आंबट, गोड, खारट यांतले कोणतेही एक पुढे येता कामा नये. लिंबू लिंबासारखे नसते, म्हणून मापावर नव्हे, जिभेवर भरवसा ठेवावा. बारीक चिरलेला लसूण आणि मिरची अगदी शेवटी घालावी, म्हणजे ती वर तरंगतात. शाकाहाऱ्यांनी 'नुओक माम चाय' या नावाने मिळणारी बाटली आणावी.

हा रस जमला की तांदळाच्या पापडाच्या गुंडाळ्या रोजच्या होतात. पापड पाण्यात भिजत ठेवू नये. एकदा बुडवून काढावा आणि अजून ताठ असतानाच ताटलीवर पसरावा. तुम्ही पाला आणि काकडी मांडेपर्यंत तो आपोआप मऊ होतो. मऊ होईपर्यंत पाण्यातच ठेवला तर हाताला चिकटून फाटतो, आणि मग सगळे जण पापडाला दोष देतात. आत लेट्यूस, पुदिना, शेवया, तळलेला टोफू. बाजारात 'बुन' या ओल्या शेवया किलोवर मिळतात. त्या शिजलेल्याच असतात, गरम पाण्यातून नुसत्या काढाव्यात, आणि सकाळी आणलेल्या संध्याकाळपर्यंत संपवाव्यात, कारण त्या उष्णतेत लवकर आंबतात.

बाजारात सकाळी सात-आठच्या आत पोहोचावे. पाल्याच्या मिश्र जुड्या तयार मिळतात. कोणत्या पदार्थासाठी हवा ते नाव सांगितले की विकणाऱ्या बाईच पाला निवडून देतात, आणि माझ्या अनुभवात ती निवड माझ्यापेक्षा नेहमी बरी ठरली आहे. ताक-भाताची आठवण येणाऱ्यांसाठी : तिथले दही साखर घातलेले असते, सुपरमार्केटमध्ये 'खोंग दुओंग', म्हणजे बिनसाखरेचे, असे लिहिलेला डबा शोधावा.

प्रश्न : होई आनमधला स्वयंपाकाचा वर्ग करावा काय? पैसे वसूल होतात काय?

वर्ग निवडण्यावर ते अवलंबून आहे. मी एकदा अशा वर्गात गेलो होतो की जिथे सगळे चिरलेले, मोजलेले आणि वाट्यांत भरलेले होते. आम्ही बारा जणांनी ते आळीपाळीने ढवळले, टाळ्या वाजल्या आणि प्रशस्तिपत्रे मिळाली. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारावे : एका शेगडीमागे किती जण, बाजारात नेणार काय, आणि रस मापून शिकवणार की चाखून. गुंडाळ्या आणि बान्ह सेओ शिकवणारा वर्ग घ्यावा, कारण तव्यावर पीठ फिरवण्याची मनगटाची लकब वाचून येत नाही.

शहराजवळच्या त्रा क्वे या भाजीच्या गावातले वर्ग मला अधिक आवडतात. तिथल्या वाफ्यांना जवळच्या पाण्यातले शेवाळ खत म्हणून घालतात, आणि तुळस, पुदिना, तिआ तो ही पाने खुडून तशीच चुलीपर्यंत येतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२४ साली या गावाचा उत्कृष्ट पर्यटन ग्रामांत समावेश केला. त्यानंतर गर्दी वाढली असल्यास नवल नाही, म्हणून सकाळची पहिली तुकडी घ्यावी.

काओ लाउ मात्र शिकायला जाऊ नये. होई आनच्या या जाड, चिवट शेवयांसाठी तांदूळ राखेच्या पाण्यात भिजवतात; परंपरेने राख समोरच्या चाम बेटांवरच्या लाकडाची आणि पाणी गावातल्या बा ले विहिरीचे. शेवया करणारी घरे मोजकीच असून कृती घराबाहेर जात नाही. वर्गात जे शिकवतात ते वरचे मांस आणि रस. शेवया विकतच आणलेल्या असतात. तो वाडगा गावातच बसून खावा.

प्रश्न : परत येताना नुओक माम आणायचा आहे. बाटली कशी निवडावी?

लेबलवर घटक दोनच असावेत, मासळी आणि मीठ. त्यावर ३०, ३५, ४० असा 'दो दाम'चा आकडा असतो. तो नायट्रोजनचे, म्हणजे पर्यायाने प्रथिनांचे प्रमाण सांगतो. आकडा जितका मोठा तितका रस दाट. बुडवून खायला ३५ च्या वरचा आणि शिजवायला त्याखालचा पुरतो. फू क्वोक बेटावर चिंगळीएवढ्या छोट्या मासळीवर मीठ घालून ती मोठ्या लाकडी पिपांत सुमारे वर्षभर मुरवतात. या रसाला २०१२ साली युरोपीय संघाने उगमस्थानाचे संरक्षण दिले. फान थिएतचा रसही उत्तम असतो. विमानात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही, आणि काही विमान कंपन्या नुओक माम मोठ्या सामानातही घेत नाहीत, म्हणून खरेदीपूर्वी आपल्या कंपनीला विचारावे. परवानगी असली तर काचेऐवजी प्लास्टिकची बाटली घ्यावी, बुचावर चिकटपट्टी लावावी, तीन पिशव्यांत घालावी आणि ती दुसऱ्या कोणाच्या रेशमी साडीजवळ ठेवू नये.